शब्दांच्या जावा, शब्दांच्या सवती

आमच्या घाटकोपरच्या चाळीत उन्हाळ्याच्या सुट्टीत बायका एकमेकींकडे पापड लाटायला जायच्या. ज्या घरचं पीठ, त्या घरापुढच्या गॅलरीत बैठक, आणि प्रत्येकीनं आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं, असा रिवाज होता. सकाळची कामं उरकली की उडदाचं पीठ कुटल्याचा धप्प धप्प आवाज सुरू व्हायचा, हिंग-मिरीचा वास जिन्यापर्यंत यायचा, आणि दोऱ्यानं कापलेल्या लाट्या तेलाच्या ताटलीत पडायला लागल्या की पोरं माश्यांसारखी घोंगावायला लागायची. कच्ची लाटी तेलात बुडवून खाण्यात जे सुख आहे, ते तळलेल्या पापडात नाही, हे माझं मत आजही कायम आहे. डॉक्टरांनी दोन्हीवर बंदी घातली आहे, म्हणून मी ते उघडपणे बोलून दाखवत नाही.

बारावी झालेली मुलगी म्हणजे लाटायच्या वयाची. पण त्या वर्षी मला सूट मिळाली होती, आणि सूट फुकट मिळत नसते हे राणेकाकींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. राणेकाकी आमच्या शेजारच्या खोलीतल्या. आमच्यासारख्याच मालवणकडच्या, पण आम्ही मुंबईत राहून बोली बरीच पातळ केली होती आणि त्यांनी ती तशीच दाट ठेवली होती. मी माझं पुस्तक घेऊन खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. त्या गॅलरीतूनच म्हणाल्या, "लाटूक नको तर बोलूक होया. हंय येवन बस आणि काय ता मोठ्यान वाच." आईनं माझी बाजू घ्यावी म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिनं लाटण्यानंच जागा दाखवली.

पुस्तक इंग्रजी शब्दांचं होतं. बाबांनी ते स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून आणलं होतं. त्याला कव्हर नव्हतं आणि सुरुवातीची पानंही नव्हती. पहिला शिल्लक शब्द होता 'ॲम्बिशस', त्यामुळे माझं इंग्रजी तिथूनच सुरू झालं. त्याच्या आधीचे शब्द मला कित्येक वर्षं कच्चे होते. प्रत्येक शब्दापुढे दोन ओळींत त्याची व्याख्या, खाली 'सिनोनिम' म्हणून त्याच अर्थाचे आणखी चार-पाच शब्द आणि त्याखाली 'अँटोनिम' म्हणून उलट अर्थाचे. पुस्तक आणण्यामागचं कारण साधं होतं आणि ते साऱ्या चाळीला माहीत होतं. बाबांची गिरणी बंद पडली होती. ते आता एका हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर खिळे तोलून द्यायचे आणि त्यात भागत नव्हतं. त्यांनी आईला सांगून टाकलं होतं की शाळा उघडायच्या आत घरात दुसरी कमाई आली तर बरं, नाहीतर खोली सोडायची आणि सगळ्यांनी गावी जायचं. गावी काय होतं तर भावकीतल्या घराची एक पडवी. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर मुली हव्यात अशी जाहिरात मी पेपरात पाहिली आणि अर्ज टाकला. इंटरव्ह्यू इंग्रजीत होणार होता. मराठी शाळेत शिकलेल्या मला इंग्रजी वाचता यायचं, पण तोंडून फुटायचं नाही. ज्याच्याकडे शब्द जास्त त्याचं इंग्रजी चांगलं, अशी बाबांची समजूत होती. तीच माझीही होती.

तर मी उंबऱ्यात बसून वाचायला लागले. पहिल्याच शब्दाला राणेकाकींनी अडवलं. "ह्या सिनोनिम म्हणजे काय ता?" मी सांगितलं की दोन वेगळे शब्द, पण अर्थ एकच. काकींनी पापड उलटा करून पिठी भुरभुरली आणि म्हणाल्या, "म्हणजे जावा." बाकीच्या हसल्या, पण त्यांना ते लगेच पटलं. दोन सख्ख्या भावांच्या बायका, एका घरातल्या, एकाच पदावरच्या. मग अँटोनिम म्हणजे काय, तर उलट अर्थाचा शब्द. काकींनी विचारसुद्धा केला नाही. "ती सवत."

पलीकडे कांबळेमावशी बसल्या होत्या. साताऱ्याकडच्या, कमी बोलणाऱ्या, आणि त्यांचे पापड सगळ्यांत पातळ. त्या म्हणाल्या, "सवत कशी हुईल? उलट हाय तर वैरी म्हना की."

"वैरी भायरचो असता," काकी म्हणाल्या. "सवत त्याच घरातली. गरम आणि थंड, दोघांचा घर एकच ना? गरमाच्या उलट कोणी पोळपाट म्हणता काय?"

मी वाचता वाचता थांबले. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. उलट शब्द हा कुठूनही आणलेला परका शब्द नसतो, तो त्याच गोष्टीबद्दल बोलत असतो, फक्त दुसऱ्या टोकाला उभा राहून. मी लगेच पुढची जोडी पाहिली, मग तिच्या पुढची, आणि प्रत्येक ठिकाणी ते खरं निघालं. अंगावर काटा आला. पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली, नातवाला शिकवलं, भाषेवरची पुस्तकंही वाचली. पण त्या दुपारी उंबऱ्यात बसून भाषेच्या आतलं काहीतरी पहिल्यांदा दिसल्याचा जो आनंद झाला, तो पुन्हा तसा झाला नाही.

त्यानंतर रोजचा शिरस्ता ठरून गेला. मी शब्द वाचायचे, त्याची व्याख्या मराठीत सांगायचे, मग बायका विचारायच्या, "जावा?" मी जावा सांगायचे. मग "सवत?" मी सवत सांगायचे. सगळ्या मिळून ती माळ एकदा म्हणायच्या आणि लाटण्यांच्या खडखडाटात ती छान तालावर बसायची. मध्येच डोक्यावरून विमान जायचं. आमच्या चाळीवरून विमानं इतकी खालून जायची की पत्रे थरथरायचे आणि बोलणं थांबवावं लागायचं. तोंड अर्धवट उघडं ठेवून सगळ्या थांबायच्या आणि विमान गेलं की त्याच अक्षरापासून पुन्हा सुरू. खालच्या मजल्यावरचा एक पोरगा आम्हाला 'पापड कॉलेज' म्हणायचा. काकींनी त्याला एकदा लाटणं दाखवलं, मग तो लांबून म्हणायला लागला.

मात्र बायका जावांना नुसत्या जावा म्हणून सोडून देत नव्हत्या. एके दिवशी 'थिन' शब्द आला. त्याच्या जावा स्लिम, लीन, स्किनी. आईनं विचारलं, "सगळ्यांचा अर्थ बारीकच?" मी म्हटलं हो. "मग एवढे शब्द कशाला ठेवलेत त्यांनी? एकीवर भागलं नसतं?" मी व्याख्या पुन्हा वाचल्या, अगदी हळू, आणि जे समजलं ते सांगितलं. स्लिम म्हणजे बारीक, पण बघायला बरी दिसणारी. "सडपातळ," आई म्हणाली. लीन म्हणजे अंगावर मांस कमी, पण ताकद असलेली. "काटक," कांबळेमावशी म्हणाल्या. स्किनी म्हणजे नुसती हाडं. "हडकुळी," दोन-तीन जणी एकदमच म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या घरच्या सुनेकडे पाहून हसल्या. मग किडकिडीत निघालं, लुकडी निघालं, रोड निघालं, आणि किडकिडीत आणि लुकडीत फरक काय यावर दोन लाट्या सुकून गेल्या.

मी थक्क झाले होते. इंग्रजी ही श्रीमंत लोकांची भाषा, तिच्याकडे शब्दांची चैन आहे आणि आपल्याकडे मोजके शब्द, असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं. आणि इथे या बायका पीठ लागलेल्या हातांनी एकेका इंग्रजी शब्दाला मराठी जोडीदार शोधून देत होत्या, तोही नेमका. मी हे शब्द लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते शब्द आहेत हे मला कधी जाणवलंच नव्हतं. इंग्रजीचं पुस्तक हातात घेतल्यावर मला माझी स्वतःची भाषा ऐकू यायला लागली. दुपारी घरी आले की मी आई काय बोलते ते कान देऊन ऐकायचे. ती सहज म्हणून जायची, "तोंड का पाडलंयस," "नाक कशाला मुरडतेस," आणि मी मनात म्हणायचे, या दोघी जावा आहेत की नाहीत? तिला वाटायचं मी ऐकत नाही म्हणून गप्प आहे.

एवढ्या सगळ्या आनंदात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याकडे शब्दांची ढीगभर पुंजी जमली होती, जावा-सवतींसकट, पण त्या सगळ्या दुपारांत मी इंग्रजीत एक वाक्य बोलले नव्हते. बोलणार तरी कोणाशी? प्रत्येक शब्द आला की त्याची माळ जपायची आणि पुढे जायचं, एवढीच माझ्या जिभेला सवय लागली. पाणी हवंय, हे इंग्रजीत सांगायचं झालं असतं तर मी पाण्याचे चार प्रकार सांगितले असते आणि तहानलेलीच राहिले असते.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी आईची अबोली रंगाची साडी नेसले. आई म्हणाली, "घाबरू नको गो. तुझ्याएवढे शब्द त्यांच्याकडे पण नसतील." अंधेरीची बस धरून मी त्या हॉटेलपाशी उतरले. आत गारवा होता आणि जमीन इतकी चकचकीत होती की पाय टाकावा की नाही ते समजेना. माझ्या आधीच्या दोघी मुली एकमेकींशी इंग्रजीत हसत होत्या. त्यांना ते हसणं कसं जमतं याचंच मला नवल वाटत होतं. एवढे दिवस आपण जे केलं ते पोरखेळ होता असं वाटलं. आता इथून उठून घरी गेलं तर काय, असाही विचार आला. पण मग गावची पडवी डोळ्यांपुढे आली आणि मी बसून राहिले.

आत टेबलामागे बॉबकट केलेल्या एक बाई होत्या आणि शेजारी टाय लावलेले एक गृहस्थ. नाव-गाव पाठ केलेलं होतं, ते धडाधडा सांगून झालं. मग बाईंनी इंग्रजीत विचारलं की समज, एका पाहुण्याचा फोन आला, तो खूप अँग्री आहे, तर तू काय करशील? प्रश्न मला पूर्ण समजला होता. उत्तरही माझ्याकडे असणार होतं. पण 'अँग्री' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या जिभेनं गॅलरीतली माळ सुरू केली. "अँग्री. फ्युरिअस, आयरेट, ॲनॉइड. अपोझिट, प्लीज्ड." एवढं बोलून मी थांबले. शब्द संपले होते आणि वाक्य एकही झालं नव्हतं.

टाय लावलेले गृहस्थ हसले. वाईट हेतूनं नसेल, पण हसले. माझे कान तापले. गेली नोकरी, असं मला स्पष्ट दिसलं, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली मालकाच्या हातात देणारे बाबाही दिसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की ॲनॉइड आणि आयरेट यांत फरक काय?

पुस्तकातली व्याख्या मला पाठ होती, पण त्या क्षणी ती आठवेना. आठवली ती आई. मी म्हणाले, "माय मदर इज ॲनॉइड व्हेन मिल्क कम्स आउट." दूध उतू जाण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून हातानं पातेलं दाखवलं, दुधाचं वर येणं दाखवलं. बाईंना समजलं. त्यांनी मान हलवली. मी पुढे म्हणाले, "शी इज आयरेट व्हेन आय वॉज सिटिंग निअर द मिल्क." आता गृहस्थही नीट बसून ऐकायला लागले. "अँड फ्युरिअस?" बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "देन शी इज नॉट टॉकिंग."

"तेव्हा तू काय करतेस?" त्यांनी इंग्रजीतच विचारलं. आणि मला आपोआप उत्तर आलं, कारण ते मी रोजच करत होते. "आय क्लीन द स्टोव्ह. आय डोन्ट टॉक. आय वेट. देन आय से, आई, टेल मी." बाईंनी शेवटचे दोन शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग त्या शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या की पाहुण्यांच्या बाबतीतही हेच करायचं असतं. माझी वाक्यं मोडकी होती हे मला माहीत होतं, पण ती मी केलेली होती. माझ्या घरातलं काहीतरी इंग्रजीत गेलं होतं आणि टेबलापलीकडच्या माणसांना पोचलं होतं. आजही मला त्याचं नवल वाटतं. बाहेर थोडा वेळ बसवून त्यांनी मला निरोप दिला की सोमवारपासून यायचं, आधी ट्रेनिंग, बोलणं ते सुधारून घेतील.

घरी आले तेव्हा गॅलरीत बैठक आमच्याच दारापुढे होती. मी चपला काढायच्या आत राणेकाकींनी विचारलं, "काय झाला गो चेडवा?" सोमवारपासून जायचंय म्हटल्यावर कांबळेमावशींनी डोळ्यांना पदर लावला. आईनं माझ्यासाठी पाणी आणलं. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. दुधाचं वाक्य आलं तसं आईनं मला थांबवलं. "ते इंग्रजीत म्हण. तिथे म्हणालीस तसंच."

मी म्हणाले. ती लक्ष देऊन ऐकत होती. "माय मदर म्हणजे मीच ना?"

"तूच."

"परत म्हण." मी परत म्हणाले. काकी म्हणाल्या, "आता तू पण इंग्लिशीत गेलंस गो." सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिनं मला त्या तिन्ही वाक्यांचा अर्थ मराठीत सांगायला लावला. मी सांगितला. आधी वैताग, मग संताप, मग अबोला. तिनं लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं आणि ती म्हणाली, "राग नव्हता गो तो."

आई खाली मान घालून म्हणाली, "दूध उतू गेलं की मला वाटायचं, हे पण गेलं. आज दूध, उद्या खोली. तुझ्यावर कशाला रागवेन मी? बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून गप्प बसायची. त्याला काय म्हणतात बघ तुझ्या पुस्तकात."

मी पुस्तक आणलं. भीतीच्या पानावर मी तिला एकेक शब्द समजावून सांगायला लागले, अगदी त्या बारीकच्या दिवसासारखं. अफ्रेड म्हणजे समोर कुत्रा आला की वाटतं ते. आईनं मान हलवली, हे नाही. फ्राइटन्ड म्हणजे अचानक मोठा आवाज झाला की दचकतो ते. तेही नाही. अँक्शस म्हणजे पोर शाळेतून वेळेवर आलं नाही की जिवाची घालमेल होते ती. आई म्हणाली, "जवळ आहे, पण तो नाही." मग ड्रेड आला. मी व्याख्या वाचली आणि सांगितली: अजून झालेलं नाही, पण होणार आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि रोज त्याच्याकडे बघत जगायचं, ती भीती.

"हा," आई म्हणाली. तिनं तो शब्द एकदा तोंडात घोळवला, नीट, जड 'ड'सकट. "हाच. गिरणी बंद पडल्यापासून घरात आहे हा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढे दिवस मी तिच्यापुढे बसून शब्द वाचत होते, तिच्याकडून त्यांचे मराठी जोडीदार घेत होते, आणि मला वाटत होतं की शब्द मी बाहेरून घरात आणते आहे. हा आमच्यातच राहत होता. आमच्याबरोबर जेवत होता, आणि मी त्याला राग समजत होते. माझी आई मला किती कमी माहीत आहे हे तेव्हा मला समजलं, आणि तिच्याविषयी जे वाटलं ते एवढं मोठं होतं की मी नुसती पान धरून बसले. विमान गेलं, पत्रे थरथरले.

मग आईनं ताटलीतली पुढची लाटी उचलली आणि पिठीत घोळवली. "सोमवारी किती वाजता निघायचंय?" मी वेळ सांगितली. ती लाटायला लागली आणि पोळपाटावरची नजर न उचलता म्हणाली, "मग आज बाबा आले की तूच सांग त्यांना, खोली सोडायची नाही म्हणून."